बालवाडीतल्या मुलांना इतिहास कसला शिकवायचा?

राज्यात २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी पहिलीपासून सुरू झाली आणि ‘पायाभूत स्तर’ हा शब्द पालकांच्या कानांवर वारंवार पडू लागला. तीन ते आठ या वयाची पाच वर्षे, म्हणजे अंगणवाडी किंवा बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी, यांचा मिळून हा एक टप्पा धरला आहे. त्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इतिहास नावाचा स्वतंत्र विषय नाही, आणि तो नाही हे योग्यच आहे. मात्र मुलाचे शिक्षण त्याच्या घरच्या भाषेतून, परिसरातल्या वस्तूंतून, तिथल्या कथा, गाणी, खेळ आणि कला यांच्या आधाराने व्हावे, असा त्याचा आग्रह आहे. त्यामुळे ‘आपला इतिहास मुलांना लहानपणीच कळला पाहिजे’ असे एकीकडून ऐकू येते, तर ‘जे मूल अजून उलटी चप्पल घालते त्याला इतिहास कसला शिकवता’ असे दुसरीकडून.

दोन्ही बोलण्यांत इतिहासाचा अर्थ एकच धरलेला असतो: राजे, लढाया, तह आणि सनावळ्या. त्या अर्थाने इतिहास चार वर्षांच्या मुलाला शिकवता येत नाही आणि शिकवूही नये. प्रस्तुत लेखात इतिहासाचा त्याआधीचा, पायाचा अर्थ घेतला आहे. आपण जन्मण्यापूर्वीही इथे माणसे होती, त्यांनी काही केले, त्याच्या खुणा अजून आपल्या अवतीभवती आहेत आणि त्या माणसांशी व या जागेशी आपला संबंध आहे, एवढी समज मुलाला आली की या वयापुरता इतिहास त्याला मिळाला. ही समज देणे शक्य आहे, आणि खान्देशातल्या मुलांच्या बाबतीत ते विशेष निकडीचे आहे, असे मला वाटते.

या वयातला इतिहास म्हणजे नेमके काय?

गणिताची सुरुवात आपण बीजगणिताने करत नाही, चिंचोक्यांनी करतो. मूल चिंचोके मोजते, त्यांचे ढीग करते, कमी-जास्त ओळखते, आणि तेच पुढच्या गणिताचे खरे बीज असते; त्याला कोणी ‘हे काही गणित नव्हे’ असे म्हणत नाही. इतिहासालाही असे चिंचोके आहेत. आधी काय झाले आणि नंतर काय झाले, हा क्रम त्यांपैकी एक. पूर्वी कसे होते, आता काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे ताडून पाहणे दुसरे. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे, ती म्हणजे ‘हे आपल्याला कसे कळले?’ हा प्रश्न. या प्रश्नाच्या उत्तराला अभ्यासक पुरावा म्हणतात. पाच वर्षांचे मूल पुरावा हा शब्द वापरणार नाही, पण घरातल्या जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून ‘हा लाकडी दांडा इथेच एवढा गुळगुळीत का झाला असेल?’ याचा विचार ते नक्की करू शकते. कितीतरी हातांनी तो धरला होता, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी १९६० मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. कोणताही विषय कोणत्याही वयाच्या मुलाला प्रामाणिकपणे शिकवता येतो, फक्त त्याचे रूप त्या वयाला साजेसे हवे, असे त्यांचे म्हणणे होते. यातल्या प्रामाणिकपणावर माझा भर आहे. लहान मुलांसाठी सोपे करायचे म्हणून खोटे सांगण्याची गरज नसते.

मुलाची ओळख गोष्टींतून कशी घडते?

‘ओळख’ या शब्दाने इथे ‘मी कोण’ या प्रश्नाला मूल जे उत्तर देते ते अभिप्रेत आहे. हे उत्तर साधारण तीन वर्षांच्या आसपास आकार घेऊ लागते. मोठेपणी आपल्याला तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचे सहसा काहीच आठवत नाही. त्यानंतर हळूहळू स्वतःच्या आयुष्यातल्या घटना गोष्टीच्या रूपात लक्षात राहू लागतात. हिला आत्मचरित्रात्मक स्मृती म्हणतात. ती आपोआप पिकत नाही, मोठ्यांशी होणाऱ्या गप्पांतून ती तयार होते, असे रॉबिन फायवुश, इलेन रीस आदी मानसशास्त्रज्ञांनी आई आणि मुलांच्या संभाषणांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवले आहे.

फरक कुठे पडतो, हे एका उदाहरणावरून समजेल. शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेहून घरी आल्यावर एक आई मुलीला विचारते, ‘मजा आली ना?’ मुलगी ‘हो’ म्हणते आणि विषय संपतो. दुसरी आई विचारते, ‘तू ज्या घोड्याला घाबरलीस त्याचा रंग कोणता होता? मग तू कोणाच्या मागे लपलीस? आजोबांनी काय सांगितले, ते लहान असताना इथे कशाने यायचे?’ या दुसऱ्या मुलीला ती यात्रा अधिक तपशिलाने लक्षात राहते, आणि शिवाय त्या आठवणीत आजोबांचे बालपणही येऊन बसते. तिच्या ‘मी’मध्ये तिच्या जन्माआधीचा काळ शिरला. इतिहासाचे शिक्षण इथून सुरू होते.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि फायवुश यांनी या शतकाच्या सुरुवातीला किशोरवयाच्या उंबरठ्यावरच्या मुलांना वीस साधे प्रश्न विचारले होते. तुझे आईवडील एकमेकांना कुठे भेटले, तुझी आई कुठे वाढली, तुझे नाव कसे ठेवले गेले, तुझ्या जन्माच्या वेळी काय घडले, अशा स्वरूपाचे. ज्या मुलांना कुटुंबाविषयी अधिक ठाऊक होते त्यांचा आत्मसन्मान अधिक होता आणि आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे असेही त्यांना अधिक वाटत होते. या निष्कर्षाचा अर्थ जपून लावला पाहिजे. वीस उत्तरे पाठ करून घेतली की मूल खंबीर होते, असे हा अभ्यास सांगत नाही आणि तो करणाऱ्यांनीही तसा दावा केलेला नाही. ज्या घरात जेवताना, निजताना, प्रवासात अशा गप्पा होतात त्या घरातली सोबतच मुलाला बळ देत असावी. उत्तरे माहीत असणे ही त्या सोबतीची खूण आहे.

आपलेपणा कुठे तुटतो?

आपलेपणा म्हणजे ‘या वर्गात, या गावात माझी जागा आहे’ ही खात्री. ती नसली तर मूल ते बोलून दाखवत नाही; गप्प राहते. समाज कोणाला वर आणि कोणाला खाली मानतो, हे मुलांना किती लवकर कळते याचा एक अस्वस्थ करणारा पुरावा अमेरिकेतला आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर फक्त रंगाने वेगळ्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली ‘छान’ ठरवली. वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात या संशोधनाची दखल घेतली गेली.

आपल्याकडे बाहुल्यांचा रंग मोजायची गरज नाही. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरचे पावरा वा भिल्ल मूल अंगणवाडीत येते तेव्हा भिंतीवरच्या चित्रांत त्याच्या घरासारखे कुडाचे घर असते का, हे पाहिले तरी पुरे. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. म्हणजे त्या जिल्ह्यात हे मूल अल्पसंख्य मुळीच नाही, तरी पुस्तकात ते पाहुणे असते. धुळे, अमळनेर, साक्री या भागांतल्या अहिराणी बोलणाऱ्या मुलाचे वेगळे, पण त्याच जातीचे दुखणे आहे. ‘मन्ही मोठी माय’ असे म्हणत ते काही सांगू लागते आणि पहिल्या दोन शब्दांतच त्याला थांबवून ‘माझी आजी’ असे म्हणायला लावले जाते. बोलणे दुरुस्त होते, पण आजीविषयी जे सांगायचे होते ते राहून जाते. प्रमाण मराठी मुलाला शिकवायचीच आहे. मात्र ती गोष्ट पूर्ण ऐकून घेतल्यानंतर शिकवता येते, आणि तशीच ती चांगली शिकली जाते.

तिसरी मुले स्थलांतर करणाऱ्यांची. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी नंदुरबारमधून गुजरातकडे जाणारी कुटुंबे लहान मुलांना बरोबर नेतात. वर्षाचे काही महिने एका गावी आणि काही महिने फडावर गेलेल्या मुलाला ‘तुझे गाव कोणते’ हा प्रश्नच अवघड असतो. अशा मुलाला आपल्या माणसांच्या कष्टांची आणि प्रवासांची गोष्ट सन्मानाने सांगता आली, तर त्याला वर्गात परत बसताना निदान एक धागा हाती राहतो.

लहान मुलांना काळच कळत नाही, त्याचे काय?

हा आक्षेप निम्मा खरा आहे. चार वर्षांचे मूल गेल्या आठवड्यातल्या आणि गेल्या वर्षातल्या गोष्टीला सारखेच ‘काल’ म्हणते. सन, शतक, हजार वर्षे हे आकडे साधारण आठ-नऊ वर्षांपर्यंत त्याच्यासाठी पोकळच असतात. पण आकडा कळत नाही म्हणून क्रम कळत नाही, असे होत नाही. कीथ बार्टन आणि लिंडा लेव्हस्टिक यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बालवाडीपासून सहावीपर्यंतच्या मुलांना वेगवेगळ्या काळांतली चित्रे जुन्यापासून नव्याकडे लावायला सांगितली. धाकट्यांना सन सांगता येत नव्हते. कपडे, वाहने, घरे यांवरून जुने कोणते आणि नवे कोणते हे मात्र त्यांना बऱ्यापैकी ओळखता येत होते.

आपल्या घरांतली मोठी माणसेही काळ आकड्यांनी मोजत नव्हती. ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी’, ‘धाकट्याच्या जन्माच्या साली’, ‘आखाजीनंतर’ (म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर) अशा खुणांनीच त्यांचे गणित चाले. मुलांसाठी हेच कॅलेंडर योग्य आहे. वर्गात एक दोरी बांधावी. तिच्या एका टोकाला आजचे मूल, मग एका गाठीवर आई लहान होती तेव्हा, पुढच्या गाठीवर मोठी माय लहान होती तेव्हा, त्यापुढे तिची माय. चार गाठींत साधारण शंभर वर्षे सामावतात आणि एकही सन उच्चारावा लागत नाही. प्रत्येक गाठीला एक वस्तू किंवा चित्र लटकवावे: गॅसची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, चूल. नदी तीच, पण पाणी आणण्याची रीत प्रत्येक गाठीला वेगळी. मुले ही दोरी पुन्हा पुन्हा लावतात आणि चुकीची लावलेली एकमेकांची दुरुस्त करतात.

खान्देशात दाखवण्यासारखे काय आहे?

गड-किल्ल्यांची रांग सह्याद्रीत जशी डोळ्यांत भरते तशी इथे भरत नाही, म्हणून ‘आपल्याकडे इतिहास कमी’ असा एक समज अनेक शिक्षकांच्याही मनात असतो. लहान मुलांच्या दृष्टीने पाहिले तर खान्देश फार श्रीमंत आहे.

पांझरा नदीवरची फड पद्धत घ्या. नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे घातलेले आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचे असा दंडक असतो. कोणाला पाणी कधी द्यायचे हे पाटकरी पाहतो, पिकाची राखण जागल्या करतो आणि बंधाऱ्याची व पाटाची दुरुस्ती गावकरी मिळून करतात. काही शतके ही व्यवस्था लोकांनी स्वतः चालवली. साक्री परिसरातल्या अंगणवाडीच्या ओट्याबाहेर मातीत एक छोटा पाट खणून, चार वाफे पाडून, मुलांना तांब्याने पाणी द्यायला सांगितले की पाच मिनिटांत भांडण होते: वरच्या वाफ्यातला मुलगा सगळे पाणी घेतो आणि खालच्या वाफ्यातली मुलगी रडते. त्या क्षणी ‘मग आपल्या गावातल्या माणसांनी यावर काय केले असेल?’ असे विचारावे. मुले स्वतःच पाळी लावतात, कोणीतरी लक्ष ठेवायला हवे म्हणतात, आणि पाटकरी त्यांना सापडतो. मग खऱ्या बंधाऱ्यावर जावे, तिथल्या वयस्कर शेतकऱ्याला बोलते करावे, दगडांना हात लावावा. हा बंधारा तुमच्या आजोबांच्या आधी होता का, आणि ते कसे कळेल, हे विचारावे. नियम कोणी आभाळातून टाकत नाही, माणसे गरजेपोटी बसून तो ठरवतात, हे नागरिकशास्त्र त्यात न सांगता येते.

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे १९७२-७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघांची नक्षी कोरलेला कवचाचा तुकडाही मिळाला; तो काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. पंचवीस हजार हा आकडा मुलाला सांगून उपयोग नाही. शेती नव्हती, गावे नव्हती, भाकरी नव्हती, इतक्या आधी, असे म्हणावे. पण मणी मुलाला कळतो, कारण त्याच्या गळ्यात किंवा मनगटावर तो असतो. नारळाच्या करवंटीचा छोटा तुकडा हाती देऊन ‘याला गोल करायचे आणि मधोमध भोक पाडायचे, कसे पाडाल?’ असे विचारले की मुले दगडावर घासू लागतात, दमतात आणि त्या अनोळखी माणसाच्या चिकाटीचा त्यांना हातांनी अंदाज येतो. नटावेसे वाटणारे कोणीतरी इथे, याच डोंगराच्या पायथ्याशी, इतक्या आधी होते. हे ऐकून मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. शहामृग इथे होता का, मग गेला कुठे, असे प्रश्न ती न थांबता विचारू लागतात.

आणि बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या गाणी रचत, ती घरातल्यांनी टिपून ठेवली म्हणून उरली, आणि २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. जिची आई निरक्षर आहे अशा मुलीला या गोष्टीतून काय मिळत असेल याचा विचार करावा. आपल्या घरात कोणी पुस्तक लिहिले नाही, पण सांगण्यासारखे खूप असू शकते, हे तिला कळते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी, ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे, गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतली जुनी दप्तरे गोळा केली होती. इतिहास घराघरांत पडून असतो, ही त्यांची खात्री होती. फक्त बालवाडीत दप्तरांऐवजी आज्यांकडे जायचे.

आधी वाचता-लिहिता येऊ द्या

हा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मनापासूनचा आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित करता यावे, हे निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे व शाळांवर त्याचा ताण आहे. परंतु वाचन म्हणजे अक्षरे ओळखणे एवढेच नाही. मूल जे वाचते ते त्याला कळण्यासाठी शब्दसंपत्ती लागते, घटना कशामागून कशी घडली हे धरून ठेवता यावे लागते, आणि ‘का’ याचे उत्तर शोधावे लागते. आजीची गोष्ट ऐकून ती क्रमाने सांगणारे मूल नेमके हेच करत असते. त्या मुलाने सांगितलेली दोन वाक्ये शिक्षकाने फळ्यावर लिहिली की तो पहिलीचा वाचनपाठ झाला. त्यातले शब्द मुलांच्या घरातले असतात, म्हणून ते लवकर वाचले जातात.

कोणाचा इतिहास सांगायचा?

मला सर्वांत गंभीर वाटतो तो हा आक्षेप. आपलेपणा वाढवण्याच्या नावाखाली ‘आपण’ आणि ‘ते’ अशी भिंत घालणे फार सोपे आहे. ‘आमचे पूर्वज शूर, तुमचे लुटारू’ हे वाक्य पाच वर्षांचे मूल तंतोतंत उचलते आणि मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलाला ऐकवते. इंग्रजांच्या एकोणिसाव्या शतकातल्या कागदपत्रांत खान्देशातल्या भिल्लांचा उल्लेख पुष्कळ ठिकाणी लुटारू असाच येतो; त्यांच्यावर वचक बसवण्यासाठी त्यांच्यातूनच खान्देश भिल्ल कोअर ही पलटण १८२५ मध्ये उभारली गेली. त्याच समाजाने १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांशी लढा दिला. कागद कोणी लिहिला यावर माणसाचे वर्णन कसे बदलते, हे आठ वर्षांच्या मुलाला सोप्या शब्दांत सांगता येते. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र शिक्षकाने स्वतःपुरते एवढेच ठरवावे, की वर्गातल्या कोणत्याही मुलाच्या माणसांना कमीपणा आणणारी गोष्ट आपल्या तोंडून येणार नाही.

शिवछत्रपतींविषयी मुलांना घरी-दारी ऐकायला मिळतेच आणि चौथीत तो अभ्यास सविस्तर होतो. बालवाडीत त्यांची गोष्ट सांगू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. तीच एक गोष्ट सांगून इतिहास शिकवून झाला असे मानू नये, एवढेच म्हणणे आहे. वर्गात लेवा पाटील, गुजर, बंजारा, भिल्ल, मुस्लिम, बौद्ध अशा घरांची मुले शेजारी बसत असतील तर प्रत्येक घरातून एक वस्तू आणि तिची गोष्ट वर्षभरात एकदा तरी वर्गासमोर आली पाहिजे. खान्देशातल्या कानबाई देवीच्या रोटांची गोष्ट आली की ईदच्या शिरखुर्म्याची आणि काठी गावच्या आदिवासी होळीचीही यावी. दुसऱ्याच्या घराचे कुतूहल वाटायला लागले की स्वतःच्या घराचा अभिमान बोचरा होत नाही.

दुःखाच्या गोष्टींचे काय करावे?

नंदुरबारच्या माणिक चौकातून जाणारे मूल तिथल्या स्मारकाविषयी विचारणारच. ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शिरीषकुमार मेहता व त्याच्याबरोबरची चार मुले मारली गेली. चार वर्षांच्या मुलाला गोळीचे वर्णन नको; ‘देशावर प्रेम करणारी मुले होती, ती झेंडा घेऊन निघाली होती, त्यांची आठवण म्हणून लोकांनी हे बांधले’ एवढे पुरे होते. सात वर्षांच्या मुलाने ‘ती मेली का?’ असे विचारले तर ‘हो’ म्हणावे आणि पुढचा प्रश्न त्याच्याकडून येऊ द्यावा. मुलाने विचारले तेवढे आणि खरे सांगणे, हा नियम मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो.

अधिक जपायचे ते घरच्या दुःखांना. सरदार सरोवराच्या पाण्याखाली नर्मदाकाठची गावे गेली आणि तिथल्या कुटुंबांना वसाहतींमध्ये जावे लागले. त्यांच्या नातवंडांना जुन्या गावाचे चित्र काढायला सांगणे हा उत्तम इतिहास आहे, पण तो घरच्यांना विचारून, त्यांना वर्गात मानाने बोलावून करावा. आणि ‘वंशवृक्ष’ काढून आणायला सांगण्याची जी पद्धत पडली आहे ती या वयात टाळावी. ज्या मुलाला वडील नाहीत, ज्याला दत्तक घेतले आहे, जे आजोळी वाढते आहे, त्याच्या कागदावरची रिकामी चौकट साऱ्या वर्गाला दिसते. त्याऐवजी ‘मला सांभाळणारी माणसे’ असे चित्र काढू द्यावे. त्यात मामा, शेजारीण, म्हैस, कोणीही येऊ शकते.

गोष्ट आणि घडलेले यांतला फरक

तोरणमाळच्या, कानबाईच्या, गावोगावच्या देवांच्या कथा ऐकताना मूल केव्हा ना केव्हा विचारते, ‘हे खरे झाले होते का?’ या प्रश्नाला हसून उडवू नये आणि दटावूही नये. दोन वेगळे शब्दप्रयोग काटेकोरपणे वापरले की काम भागते. कथा सांगताना ‘आपल्याकडे असे सांगतात’ म्हणावे. बंधारा, मणी, जाते यांविषयी बोलताना ‘आपल्याला हे सापडले, म्हणून असे वाटते’ म्हणावे. श्रद्धेला धक्का न लावता पुराव्याची सवय यातून लागते, आणि पुढे दहावीत मजकूर पाठ करण्यापेक्षा ही सवय अधिक उपयोगी पडते.

सेविकेने आणखी किती करायचे?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडी सेविकेच्या पदरात आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरण, गरोदर मातांच्या भेटी आणि आता मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर अशी कामे वाढतच गेली आहेत. तिच्यावर ‘इतिहास उपक्रम’ नावाची आणखी एक नोंदवही लादली तर ती नोंदवही भरली जाईल आणि मुलांना काही मिळणार नाही. म्हणून हे नवे काम म्हणून देऊ नये. रोजची जी गोष्टीची आणि गप्पांची वेळ आहे तिच्यातच ते बसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी बालशिक्षण उभे केले ते शिंपले, पाने, बिया अशा परिसरातल्या साहित्यावर. बाजारातून आणलेल्या संचांवर नव्हे. अधिकाऱ्यांनी तपासणीत ‘किती उपक्रम झाले’ हे विचारण्याऐवजी सेविकेला महिन्यातून एकदा गावातल्या एखाद्या वृद्धाला बोलावण्याची मोकळीक आणि त्यासाठी अर्धा तास द्यावा. या वयात या साऱ्याची परीक्षा, गुण किंवा वर्कशीट असू नये, हे वेगळे सांगायला नको.

घरच्यांना सुरुवात करायची असेल तर आखाजीसारखा दुसरा मुहूर्त नाही. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, आत्या, मावशा आणि आजी एका ओट्यावर बसलेल्या असतात. त्या वेळी मुलाच्या हाती मोबाइल देण्याऐवजी त्याच्याकडून आत्याला एकच प्रश्न विचारवून घ्यावा: ‘तू माझ्याएवढी होतीस तेव्हा झोका कोणत्या झाडाला बांधत होते?’ आत्या झाडाचे नाव सांगेल, आजी ते चुकीचे ठरवेल, दोघींचा वाद रंगेल, आणि ते झाड किंवा त्याचा बुंधा अजून आहे का हे पाहायला मूल स्वतःच त्यांना ओढून नेईल.